पहाटे चारचा गारठा कुणाच्या खात्यावर?

प्रति,
शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतले गोदाममालक, त्यांच्या शेडमध्ये माल ठेवणाऱ्या कंपन्या आणि माणसं पुरवणारे ठेकेदार

प्रत : औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि सहायक कामगार आयुक्त कार्यालय, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय, त्याला कारण आहे. वेगवेगळं लिहिलं की प्रत्येक जण दुसऱ्याचा पत्ता देतो. शेडचे मालक म्हणतात, आम्ही एमआयडीसीचा प्लॉट घेतला, वर पत्रा घातला, भाड्यानं दिला. आत कोण काकडतंय ते भाडेकरूनं बघावं. भाडेकरू कंपनीचा साहेब पुण्याहून नाहीतर मुंबईहून फोनवर सांगतो, लेबर आमची नाही, ठेकेदाराची आहे. ठेकेदार म्हणतो, मी डोक्यामागं पैसे घेतो, इमारतीतली भोकं बुजवायचं माझ्या कंत्राटात कुठं लिहिलंय? आपापल्या कागदाप्रमाणं तिघंही बरोबर बोलतात. आणि पहाटे चारला डॉकवर, म्हणजे गाड्या भरायच्या-उतरवायच्या जागी, उभ्या असलेल्या पोराच्या अंगात तोच पातळ टी-शर्ट असतो, पाठीवर कंपनीचं नाव छापलेला.

मी अशाच एका गोदामात रात्रपाळी बघतो. कुठल्या ते लिहीत नाही, कारण हे एकट्या त्या गोदामाचं दुखणं नाही. डिसेंबरात मध्यरात्रीनंतर वसाहतीतून एक चक्कर मारली तर निम्म्या शेडची शटरं सताड उघडी दिसतील आणि आत माणसं हात काखेत घालून पुढच्या गाडीची वाट बघत असतील.

यावर पहिलं उत्तर मला पाठ आहे : कोल्हापुरात कुठली आलीय एवढी थंडी? मान्य. इथं बर्फ पडत नाही. तुळशीचं लग्न झालं की गारठा वाढतो, डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण १३ ते १६ अंशांच्या घरात राहतो, लाट आली तर आणखी खाली जातो. दुपारी मात्र ऊन चटका देतं. घोटाळा तिथंच होतो. व्हिजिटला येणारा माणूस अकरा वाजता येतो, डॉकवर उभा राहून कोट काढतो आणि ‘हवा छान आहे हो तुमच्याकडं’ असं म्हणून चहा पिऊन जातो. बिहार, ओडिशाकडची पोरंही पहिल्या आठवड्यात हसतात, ‘इसको ठंड बोलते हो?’ म्हणून. पण खोकतात तीही, आणि पहाटे शटरपासून लांबची जागा धरायला सगळ्यांत पुढं तीच असतात.

आता जिथं थंडी कुणाला समजावून सांगावी लागत नाही त्या देशाचं बघा. ब्रिटनच्या कामाच्या जागेबद्दलच्या मार्गदर्शक संहितेत म्हटलंय की कामाच्या खोलीत निदान १६ अंश तापमान असावं, आणि काम अंगमेहनतीचं असेल तर निदान १३. म्हणजे आपण ज्याला थंडीच म्हणत नाही, ती पहाट त्यांच्या हिशोबानं काठावरची किंवा काठाखालची असते. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेनं आणखी नेमकं सांगितलंय : १६ अंशांखाली उघड्या हातांनी बारीक काम १०-२० मिनिटांपेक्षा जास्त वेळ करायचं असेल, तर हात गरम ठेवायची वेगळी सोय हवी. बारीक काम म्हणजे घड्याळ दुरुस्ती नव्हे. स्कॅनरचं बटण दाबणं, टेपचं टोक नखानं सोडवणं, एलआरवर (मालाच्या पावतीवर) नंबर लिहिणं, कटरनं पट्टी कापणं हे सगळं बारीकच काम आहे. बोटं बधिर झाली की कटर घसरतो, खोकं निसटतं, पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीच्या, फळीत बोट सापडतं. पहाटेच्या त्या तासांत शरीराचं स्वतःचं तापमानही चोवीस तासांतलं सगळ्यांत कमी असतं. त्यात झोप डोळ्यांवर. महिन्याच्या नुकसानीच्या तक्त्यात ‘हँडलिंग डॅमेज’ म्हणून जे येतं, त्याच्यापुढं एकदा वेळ लिहून बघा.

शेडच्या आत काय होतं ते सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी आपली शेड रात्री पाहिलेली नाही.

वरचा पत्रा रात्रभर उघड्या आभाळाकडं उष्णता सोडत राहतो. निरभ्र रात्री पहाटेपर्यंत तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. मग आतल्या बाजूनं त्याला घाम फुटतो आणि थेंब गळायला लागतात. हे थेंब तुम्हाला माहीत आहेत, कारण त्यानं खोकी भिजतात. मालावर ताडपत्री टाका म्हणून लगेच मेल येतो. त्याच थेंबांखाली उभ्या असलेल्या माणसाबद्दल मेल आल्याचं मला आठवत नाही.

खाली ट्रिमिक्सची, म्हणजे घोटून गुळगुळीत केलेल्या काँक्रीटची, फरशी. ती दिसायला गुळगुळीत, झाडायला सोपी, आणि तळपायातली ऊब ओढून घ्यायला एकदम तयार. त्यावर आठ तास स्वस्तातले सेफ्टी शूज घालून उभं राहायचं, ज्यांच्या पुढच्या टोकाला लोखंडी टोपी असते. पॅकिंगच्या टेबलावरच्या बायका पायाखाली पुठ्ठा घेतात. सकाळी हाऊसकीपिंगवाला येऊन तो पुठ्ठा उचलून नेतो, कारण ऑडिटमध्ये पुठ्ठा म्हणजे कचरा.

छपरावरचे टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे वाऱ्यानं फिरून आतली हवा बाहेर काढणारे गोल पंखे, उन्हाळ्यात देवासारखे. हिवाळ्यात मात्र तेच गरगरत आतली उरलीसुरली उबदार हवा वर ओढून बाहेर टाकतात आणि तिच्या जागी शटरमधून गार वारा आत येतो. त्यांना झडप बसवता येते, बंद-चालू करता येते. बसवलेली मी फार कमी ठिकाणी पाहिली.

आणि मुख्य म्हणजे घाम. ३२ फुटी कंटेनर खाली करायचा म्हणजे जानेवारीतही माणूस निथळतो. सुती बनियन, वर टी-शर्ट, दोन्ही भिजून अंगाला चिकटतात. कंटेनर संपतो. दुसरी गाडी टोलनाक्यावर अडकलेली असते, वीस मिनिटं येत नाही. तेवढी वीस मिनिटं तो ओला माणूस उघड्या शटरसमोर बसून राहतो. थर्मामीटर १४ दाखवत असेल, पण ओल्या कापडावरून वारा गेला की अंगाला १४ वाटत नाहीत. पाठ धरते ती याच वीस मिनिटांत. दुसरी गाडी लागली की आखडलेल्या पाठीनं पन्नास किलोचं पोतं उचलायचं. कुणाला दमा असेल तर कोरड्या गार हवेनं छाती भरते. रक्तदाब असेल तर गारठ्यानं रक्तवाहिन्या आकसून तो वाढतो, आणि चाळिशीतल्या हमालाला आपला रक्तदाब किती हे बहुधा ठाऊकच नसतं. शिरोलीला निदान आसपास वस्ती आहे. कागलच्या पंचतारांकितला उघडं माळरान, वारा अडवायला झाड नाही. नावातले पाच तारे रात्री वर आभाळात दिसतात तेवढेच.

एवढं ऐकल्यावर काही मालक उत्साहानं विचारतात, मग हीटर लावू का सगळ्या शेडला? नको. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण असं अवाढव्य कोटेशन मागवायचं, ते बघून घाबरायचं आणि विषय बंद करायचा, हे मी घडताना बघितलंय. साधा हिशोब करू. ५० मीटर लांब, ४० मीटर रुंद, १० मीटर उंच शेड धरा. आत २०,००० घनमीटर हवा, म्हणजे वजनानं साधारण २४ टन. ती नुसती ५ अंशांनी तापवायची तर जवळपास ३३ युनिट वीज लागेल. शटरं उघडी असल्यानं ही हवा तासाला तीनदा बदलते असं धरलं तर दर तासाला १०० युनिट, आणि पत्र्यातून जाणारी उष्णता यात अजून धरलेलीच नाही. एवढं करून तापलेली हवा वर जाऊन दहा मीटरवर बसणार, जिथं पारवे सोडले तर कुणी राहत नाही.

गोदाम तापवायचं नाहीच. वारा अडवायचा आणि माणूस जिथं उभा राहतो तेवढी जागा उबदार करायची. यातलं काहीही परदेशातून आणावं लागत नाही.

वाऱ्यापासून सुरुवात करा. कोल्ड रूमच्या दाराला पारदर्शक पीव्हीसी पट्ट्यांचा जो पडदा असतो, तो डॉकच्या शटरांना लावा. फोर्कलिफ्ट त्यातून आरपार जाते, पलीकडचं दिसतं, वारा मात्र बराचसा अडतो. पट्ट्या खरवडून धूसर झाल्या की बदलायच्या, नाहीतर फोर्कलिफ्टवाल्याला समोरचा माणूस दिसणार नाही. गाडी डॉकला लागते तेव्हा गाडीचा हौदा आणि भिंत यांच्यामध्ये जी फट राहते, तिला फोमची किंवा जाड कापडाची चौकट बसवता येते. नव्या शेडना ती असते, जुन्यांना नंतर बसवता येते. पाच शटरं असतील तर रात्री पाचही उघडी का असतात हा प्रश्न मी स्वतःच्या पाळीतही विचारतो. गाड्या दोनच लागणार असतील तर तीन शटरं खाली ओढायला पैसा लागत नाही, एक सूचना लागते. भिंत आणि पत्रा यांच्या मधली फट, तुटलेली फायबरची शीट, शटरच्या खालची चार बोटं जागा, ही कामं फॅब्रिकेशनवाल्याला एका दिवसात होतात.

गुळाचं उदाहरण देतो, म्हणजे हे आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणणार नाही. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पावसाळ्यात कसा सांभाळायचा हे शिकवावं लागत नाही. हवेतला ओलावा लागला की गूळ पाणी सोडतो, रंग जातो, भाव पडतो. म्हणून तो फटी बुजवतो, रवे जमिनीपासून वर उचलून ठेवतो, दार विनाकारण उघडं ठेवू देत नाही, चार महिन्यांचा माल असेल तर शीतगृहाचं भाडं भरतो. एवढी कळकळ आणि एवढी अक्कल याच गावात आहे.

वारा अडला की शटरं बंद ठेवण्याचा एक धोका समोर येतो, तोही लिहितो. डॉकवर डिझेलची गाडी चालू ठेवून ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो. उघड्या शेडमध्ये धूर निघून जातो, बंद शेडमध्ये तो माणसांच्या नाकात जातो. तेव्हा गाडी लागली की इंजिन बंद, हा नियम पडद्याच्या आधी लागू करा. डिझेलवर चालणारी फोर्कलिफ्ट असेल तर दिवसरात्र थोडी हवा खेळती हवीच.

दुसरं, उभ्या जागा. पॅकिंगचं टेबल, टॅलीचा (माल मोजायचा) काउंटर, गेटवरची केबिन, एवढ्या तीन-चार ठिकाणी माणूस हलत नाही. तिथं वर भिंतीवर किंवा खांबावर इन्फ्रारेड हीटर लावा. तो हवा तापवत नाही, उन्हासारखा सरळ अंगाला लागतो, त्यामुळं छप्पर कितीही उंच असलं तरी फरक पडत नाही. एक-दोन किलोवॅटचा एक हीटर दोन माणसांना पुरतो. पण तो इलेक्ट्रिशियनकडून, स्वतंत्र एमसीबीवर, खोक्यांपासून लांब बसवा. एक्स्टेन्शन बोर्डावर लोंबकळणारा घरगुती हीटर नको. पायाखाली जाड रबरी मॅट द्या, आणि मॅट येईपर्यंत लाकडी पॅलेट. मग पुठ्ठाच लागणार नाही, आणि ऑडिटमध्ये त्याला कुणी कचरा म्हणणार नाही.

तिसरं, एक खोली. दहा बाय बाराची पुरे, छत खाली घेतलेलं, दार घट्ट लागणारं. आत बाकडी, एक हीटर, गरम पाण्याची किटली, ओले कपडे टांगायला खुंट्या. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज होतात त्या कोपऱ्याजवळ ती बांधू नका, कारण चार्जिंगच्या वेळी लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. गाडी यायला वेळ आहे असं दिसलं की माणसांनी या खोलीत जावं, शटरसमोर बसू नये. इथं ठेकेदारांना उद्देशून एक वाक्य : नगावर किंवा टनावर पैसे देत असाल तर खोली बांधून कुणी आत जाणार नाही. दहा मिनिटांची ऊब म्हणजे दहा मिनिटांची मजुरी गेली असा हिशोब माणूस करतो, आणि तो बरोबर करतो. ती दहा मिनिटं पगारी धरा.

हे नसल्यामुळं आज काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही न बघितल्यासारखं करता. घमेल्यात शेकोटी पेटते. सुरुवातीला बाहेर, मग वारा लागतो म्हणून शटरच्या आत. जळण म्हणून काय घालतात? तुटकी पॅलेटं, पुठ्ठा, वरचा प्लॅस्टिकचा पातळ कागद, कधी थिनर सांडलेलं फडकं. बाहेरदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड नुसतं तापवून कीड मारलेलं असतं, पण ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. तो शिक्का वाचून शेकोटीत लाकूड घालणारा माणूस मला अजून भेटायचाय. बंद जागेत कोळशाची शेगडी तर त्याहून वाईट. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. उत्तरेकडून दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गेटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये दार लावून शेगडी घेऊन बसलेला वॉचमन ही आपल्याकडची तीच बातमी आहे, फक्त अजून छापून आलेली नाही. विम्याचं काय होईल ते तुमचा सर्व्हेअर सांगेल. शेकोटीवर नुसती बंदी घालणारी नोटीस लावू नका, एवढीच विनंती. आधी खोली, मग नोटीस.

अंगातल्या कपड्यांचं बघू. माणसं काय घालायचं ते ओळखतात, फक्त युनिफॉर्म आडवा येतो. सुती कापड घाम धरून ठेवतं, म्हणून अंगाला लागून पॉलिस्टर हवं. ते कोल्हापूरच्या पोराकडं असतंच, आपापल्या पेठेच्या फुटबॉल संघाच्या जर्सीच्या रूपात. त्यावर हाफ जाकीट, आणि शटरजवळ काम असेल तर वारा अडवणारं विंडचीटर. मफलर नको, रोलरवर, कन्व्हेयरवर तो अडकतो. हेल्मेटखाली बसणारी पातळ कानटोपी द्या. हातमोजे सुती पांढरे देता ते पहिल्या तासात ओले होतात आणि पोरं काढून टाकतात. तळव्याला रबराचा लेप असलेले घ्या, दोन जोड द्या, म्हणजे एक वाळेल. आणि जाकीट युनिफॉर्मच्या रंगाचं नाही म्हणून गेटवर कुणाला अडवू नका.

घोंगडीचंही सांगतो, काही जण हसतील. पंचतारांकितच्या अगदी शेजारी पट्टणकोडोली आहे. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला तिथं भंडारा उधळतो, धनगरांचा मेळा भरतो. लोकरीला भाव राहिला नाही ही त्या धनगरांची वर्षानुवर्षांची तक्रार. दख्खनी मेंढीची लोकर खरखरीत असते, पण ओलसर झाली तरी ऊब धरते. फोर्कलिफ्ट फिरते तिथं घोंगडी पांघरून कुणी फिरू नये हे मला कळतं. पण वॉचमनच्या केबिनमध्ये, त्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या बाकड्यांवर, गाडीची वाट बघणाऱ्या ड्रायव्हरसाठी? दिवाळीत मिठाईचे बॉक्स आणि छापील मग वाटता, त्याऐवजी एक वर्ष घोंगड्या घेऊन बघा. पैसा जिल्ह्यातच राहील.

शीतगृहवाल्यांचा विषय वेगळ्या पत्राचा आहे. इथं एवढंच की उणे १८-२० अंशांच्या खोलीत जाणाऱ्या चौघांत मिळून एक जाकीट ठेवू नका. आधीच्या माणसाच्या घामानं ते आतून ओलं असतं. आणि आतून दार उघडायचा दांडा चालतो का हे दर पाळीच्या सुरुवातीला बघा.

बायकांबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं. रिटर्नच्या (परत आलेल्या मालाच्या) आणि पॅकिंगच्या कामावर त्या रात्रीही असतात. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत त्यांना त्यांच्या संमतीनं कामावर घेता येतं, पण त्यांच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोचवायची जबाबदारी मालकावर टाकून. तुमच्या किती गाड्या हालोंडी, नागाव, शियेच्या दारापर्यंत जातात आणि किती हायवेच्या फाट्यावर सोडून परत फिरतात, ते तुम्हीच बघा. सकाळी सहाला, धुक्यात, ओल्या अंगानं नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून जाणं हाही गोदामाच्याच थंडीचा भाग आहे. त्यात स्वच्छतागृह प्लॉटच्या टोकाला, वाटेत दिवा नाही. गारठ्यात लघवी जास्त लागते हे शरीराचं साधं कारण. मग बायका काय करतात? पाणीच पीत नाहीत. रात्रभर. याचे परिणाम डॉक्टरकडं दिसतात, तुमच्या रजिस्टरमध्ये नाही.

आता पैसे कुणी भरायचे, म्हणजे मूळ भांडण.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १३ होतं. कामाच्या खोलीत कामगाराला बऱ्यापैकी आराम मिळेल आणि तब्येतीला इजा होणार नाही असं तापमान ठेवा, असं ते सांगायचं. पुढच्याच ओळीत भिंती आणि छप्पर असं असावं की तापमान वाढू नये, असं म्हटलं होतं. म्हणजे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उन्हाळाच होता, आणि आपण तेवढंच वाचलं. पण पहिलं वाक्य उन्हाळ्यापुरतं नव्हतं. शिवाय गोदाम म्हणजे कारखाना नव्हे, अशी पळवाट काढता येत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू आहे. तिच्या कलम २३ मध्ये मालकानं राखायच्या गोष्टींत हवा खेळती ठेवणं, तापमान आणि आर्द्रता यांची नावं घेतलेली आहेत. कंत्राटी कामगारांचं म्हणाल तर १९७० च्या कायद्यातही कलम २० होतंच : ठेकेदारानं सोय केली नाही तर मुख्य मालकानं, म्हणजे ज्याच्या कामासाठी माणसं आणली त्यानं, ती करावी आणि खर्च ठेकेदाराकडून वसूल करावा. नव्या संहितेनं कल्याणाच्या सोयी थेट मुख्य मालकाच्याच अंगावर टाकल्या आहेत. तेव्हा ‘लेबर आमची नाही’ हे वाक्य फोनवर बोलायला सोपं आहे, कागदावर लिहून द्यायला अवघड जाईल.

मला कुणाला कोर्टात ओढायचं नाही. माझी सूचना व्यवहाराची आहे. पडदे, डॉकच्या चौकटी, टर्बोच्या झडपा, फटी हे इमारतीला चिकटलेलं काम; ते शेडमालकानं करावं आणि हवं तर भाडेकरारात धरावं, शेवटी शेड त्याचीच राहणार. हीटर, खोली, मॅट, वीज हे कंपनीचं, कारण माल तिचा आहे आणि नुकसान वाचणार तेही तिचंच. जाकीट, हातमोजे, पगारी दहा मिनिटं हे ठेकेदारानं द्यावं, पण डोक्यामागच्या दरात कंपनीनं ते वाढवून द्यावं. नाहीतर तो टी-शर्टच आणणार, त्याला दोष देऊन उपयोग नाही. हे तीन ओळींत करारात लिहिता येतं. ११ महिन्यांचे करार कुठल्या ना कुठल्या महिन्यात नव्यानं होतातच, तेव्हा लिहा.

तोवर एक गोष्ट उद्यापासून करता येईल. डॉकवर छातीच्या उंचीला एक साधा थर्मामीटर टांगा आणि रात्री दोन, चार आणि सहाला आकडा सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये लिहायला सांगा. गाड्यांच्या नोंदी असतात त्याच पानावर. संचालनालयाच्या साहेबांना विनंती की तपासणीला याल तेव्हा फायर एक्स्टिंग्विशरच्या तारखेबरोबर हेही पान बघा. औद्योगिक संघटनांनी फौंड्रीतल्या उष्णतेवर, उन्हाळ्यातल्या पाण्यावर बैठका घेतल्या आहेत. गोदामांच्या रात्रपाळीवर एक बैठक घ्यायला हरकत नसावी. बोलावलंत तर मी येईन, माझ्याबरोबर दोन हमाल आणि पॅकिंगच्या एक ताई येतील. बैठक मात्र दुपारी ठेवा, सकाळी आम्ही झोपलेले असतो.

आणि पट्ट्यांचा पडदा आधी कुठल्या शटरला लावायचा हे ठरवायला कुणाला यायचं असेल तर रात्री साडेतीननंतर या. अंगात नुसता शर्ट घालून अर्धा तास डॉकवर उभे राहा, कुठून वारा येतो ते कुणाला विचारावं लागणार नाही. गेटवर तुमचं नाव सांगून ठेवतो.

आपला,
रात्रपाळीचा एक सुपरवायझर
शिरोली एमआयडीसी, जि. कोल्हापूर